लिव्हिंग्स्टनची अखेरची सफर आणि नाशिकची मुले

नाशिकचा शरणपूर रोड म्हणजे आज दुकाने, कार्यालये आणि वाहनांनी गजबजलेला रस्ता. ज्या शरणपूरवरून त्याला हे नाव पडले, ती मुळात चर्च मिशनरी सोसायटीची ख्रिस्ती वसाहत होती. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी जहाजे ब्रिटिश नौदल पकडू लागले, तेव्हा त्यांवरून सुटलेल्या अनाथ आफ्रिकी मुलांचे करायचे काय, हा प्रश्न मुंबई सरकारपुढे उभा राहिला. त्यांतल्या अनेक मुलांची रवानगी शरणपूरला झाली. तेथे त्यांना अक्षरओळख, बायबल आणि सुतारकाम-लोहारकामासारखे हातचे हुन्नर शिकवले जात. आपले गाव, आईबाप, मूळचे नाव या साऱ्यांना पारखी झालेली ही मुले गोदाकाठच्या हवेत वाढत होती.

सप्टेंबर १८६५ मध्ये ५२ वर्षांचा एक स्कॉटिश डॉक्टर या शाळेत आला. त्याचा डावा हात खांद्याच्या वर नीट उचलला जात नसे. त्याला आफ्रिकेच्या अंतर्भागात पायी जायचे होते आणि सोबतीला माणसे हवी होती. शाळेतले नऊ तरुण त्याच्याबरोबर जायला तयार झाले. डॉक्टरचे नाव डेव्हिड लिव्हिंग्स्टन.

युरोपला आणि अमेरिकेला हे नाव तोवर पाठ झाले होते. १९ मार्च १८१३ रोजी ग्लासगोजवळच्या ब्लँटायर येथे जन्मलेला लिव्हिंग्स्टन हा गिरणी कामगाराच्याच जातकुळीतला. एका खोलीच्या बिऱ्हाडात तो वाढला. दहाव्या वर्षी सूतगिरणीत तुटलेले धागे जोडण्याच्या कामाला लागला. सकाळी सहा ते रात्री आठ गिरणी, त्यानंतर रात्रशाळा. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले आणि यंत्रावर पुस्तक टेकवून येता-जाता एकेक वाक्य वाचण्याची सवय लावून घेतली. गिरणगावात वाढलेल्या मुंबईकराला हे चित्र अनोळखी वाटू नये. गिरणीच्या कमाईवरच त्याने वैद्यकीचे शिक्षण सुरू केले. लंडन मिशनरी सोसायटीतर्फे चीनला जाण्याची त्याची इच्छा होती, पण अफूच्या युद्धाने ती वाट बंद केली. १८४१ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत उतरला.

धर्मप्रसारक म्हणून त्याची कामगिरी यथातथाच राहिली. बाक्वेना जमातीचा प्रमुख सेचेले याच्याखेरीज नाव घ्यावे असे कोणी त्याच्या हातून ख्रिस्ती झाले नाही. एका ठिकाणी स्थिर राहून चर्च उभारणे हा त्याचा पिंडच नव्हता. १८४४ मध्ये माबोत्सा येथे गुरांवर हल्ले करणाऱ्या सिंहावर त्याने गोळी झाडली. जखमी सिंहाने झेप घेऊन त्याच्या डाव्या दंडाच्या हाडाचा चुरा केला. मेबाल्वे नावाच्या सहकाऱ्याने सिंहाचे लक्ष आपल्याकडे वेधले नसते, तर पुढची कथा घडलीच नसती. हाड कसेबसे सांधले, पण वाकडे. या वाकड्या हाडाला तीस वर्षांनंतर साक्षीदाराची भूमिका बजवावी लागणार होती.

१८४९ मध्ये कलहारीचे वाळवंट ओलांडून त्याने एनगामी सरोवर गाठले. १८५३ ते १८५६ या काळात मकोलोलो राजा सेकेलेटू याने दिलेल्या माणसांसह त्याने आफ्रिका खंड अटलांटिकच्या किनाऱ्यापासून हिंदी महासागरापर्यंत ओलांडले. वाटेत, नोव्हेंबर १८५५ मध्ये, स्थानिक लोक ज्याला मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर म्हणत, तो झांबेझीचा धबधबा त्याने पाहिला आणि त्याला राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. मायदेशी परतल्यावर १८५७ मध्ये निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनावर वाचकांच्या उड्या पडल्या. गिरणीतला पोरगा राष्ट्रपुरुष झाला.

पुढचा अध्याय मात्र अपयशाचा आहे. १८५८ मध्ये सरकारी खर्चाने निघालेली झांबेझी मोहीम काहोरा बासाच्या खडकाळ धारांपाशी अडली. बोटीने आत शिरता येईल हा त्याचा हिशेब साफ चुकला. गोऱ्या सहकाऱ्यांशी त्याचे पटेना. वर्षानुवर्षे एकटीने संसार ओढणारी पत्नी मेरी त्याच्याकडे आली आणि १८६२ मध्ये शुपांगा येथे तापाने वारली. सरकारने मोहीम परत बोलावली. माणसांचे नेतृत्व करण्यापेक्षा एकट्याने चालणे त्याला अधिक जमत होते, हे एव्हाना त्याच्याशिवाय सर्वांना उमगले होते.

या मोहिमेच्या अखेरीस त्याने केलेले एक साहस मुंबईशी जोडलेले आहे. ‘लेडी न्यासा’ ही आपल्या पैशांनी बांधलेली छोटी आगबोट त्याला विकायची होती, पण गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती ती पडू द्यायची नव्हती. म्हणून एप्रिल १८६४ च्या अखेरीस झांझिबारहून त्याने ती स्वतःच मुंबईकडे हाकारली. खलाशी मोजके आणि बहुतेक नवखे. पावसाळा तोंडावर आलेला. सुमारे अडीच हजार मैलांचे अंतर काटून जूनच्या मध्याला बोट मुंबई बंदरात शिरली, तेव्हा एवढीशी बोट समुद्र पार करून आली आहे याची कोणाला दखलही नव्हती. बोटीवर चुमा आणि विकातानी ही याओ जमातीची दोन मुले होती. १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून त्यांची सुटका झाली होती. डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत त्यांची सोय लावण्यात आली. सुसी आणि अमोडा हे शुपांग्याचे दोघे जण मुंबईच्या गोदीत कामाला लागले. पुढच्या वर्षी परतलेल्या लिव्हिंग्स्टनने बोट विकली. उभारणीला सहा हजार पौंड लागले होते, हाती आले दोन हजार तीनशे. मुंबईत तेव्हा कापसाच्या तेजीचा फुगा फुटत होता. ज्या बँकेत ही रक्कम ठेवली, ती बुडाली आणि तेही पैसे गेले.

जानेवारी १८६६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पाठिंब्याने तो झांझिबारला निघाला. नाईल नदीचा उगम शोधणे आणि गुलामांच्या व्यापाराची खबर जगाला देणे, असे दुहेरी उद्दिष्ट होते. ताफा पाहिला तर त्यावर मुंबई इलाख्याची छाप स्पष्ट दिसते. मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई, नाशिकचे नऊ तरुण, मुंबईहून आलेले चुमा, विकातानी, सुसी आणि अमोडा, शिवाय कोमोरो बेटांपैकी जोहानाचे दहा जण. सोबत सहा उंट, काही म्हशी, खेचरे, गाढवे आणि चितान नावाचा एक कुत्रा. हिंदुस्थानातील म्हैस आणि उंट आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीच्या दंशाला पुरून उरतात काय, हे त्याला तपासायचे होते. या माशीमुळे घोडा, बैल आणि गाढव त्या भागात तग धरत नसत. माशी जनावरांत रोगजंतू सोडते हे डेव्हिड ब्रूस यांनी १८९५ च्या सुमारास दाखवून दिले, म्हणजे तीस वर्षांनी. आफ्रिकेच्या मोठ्या भागात सारे ओझे माणसाच्या डोक्यावर का असे, याचे मुख्य उत्तर या माशीत आहे.

आज ‘सफारी’ म्हटले की डोळ्यांसमोर उघडी जीप येते. शब्द स्वाहिलीतला, मूळ अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आलेली ‘सफर’ तिची सख्खी बहीण. पण एकोणिसाव्या शतकातली सफारी म्हणजे पायी चालणाऱ्या माणसांची रांग. पहाटे थंडीत कूच करायचे, ऊन तापण्याआधी चार-पाच तासांची मजल मारायची आणि पाण्याजवळ मुक्काम टाकायचा. पुढे किरांगोझी, म्हणजे वाटाड्या. त्याच्यामागे एकेरी रांगेत पागाझी, म्हणजे हमाल. प्रत्येकाच्या डोक्यावर वा खांद्यावर तीस किलोंच्या आसपास बोजा. वाटखर्चाला नाणी चालत नसत. कापडाचे तागे, काचेचे मणी आणि तांब्याची वा पितळेची तार हेच चलन. कोणत्या मुलुखात कोणत्या रंगाचा मणी चालतो हे ठाऊक नसेल तर धान्य मिळत नसे. मुक्कामी पोहोचताच काही जण कुऱ्हाडी घेऊन फांद्या तोडत, काही गवत कापत, काही काटेरी झुडपांचे कुंपण घालत. अंधार पडण्यापूर्वी झोपड्या उभ्या राहत आणि शेकोट्या पेटत. दुसऱ्या पहाटे ते सारे मागे टाकून रांग पुन्हा चालू लागे. हवा चांगली असेल आणि अंगात ताप नसेल, तर रात्री लिव्हिंग्स्टन तारे व चंद्र पाहून अक्षांश-रेखांश मोजी आणि वहीत टिपी.

डिसेंबर १८६६ मध्ये या रांगेने ओलांडलेल्या लुआंग्वा नदीचे खोरे आज झांबियात आहे. पायी सफारीसाठी जगभरचे पर्यटक तेथे जातात. नॉर्मन कार या वन्यजीव अधिकाऱ्याने १९६० च्या दशकात तेथे पर्यटकांना पायी हिंडवण्यास सुरुवात केली. पुढे बंदूकधारी रक्षक, मागे एकेरी रांग, पहाटेची कूच, दुपारी विश्रांती आणि पाहुणे पोहोचण्याआधी पुढच्या मुक्कामी तंबू ठोकून तयार ठेवणारे कामगार असा तेथील शिरस्ता आहे. आराखडा बराचसा तोच. फरक इतकाच, की आताच्या पाहुण्याला काही दिवसांनी परतायचे असते.

लिव्हिंग्स्टनच्या ताफ्याचे विघटन मात्र पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाले. जनावरे एकामागून एक मेली. त्सेत्से की शिपायांनी केलेली हेळसांड, याचा निवाडा कधी झाला नाही. रेंगाळणाऱ्या शिपायांना जुलै १८६६ मध्ये परत पाठवावे लागले. नाशिकच्या मुलांपैकी रिचर्ड वाटेतच दगावला. विकातानीला आपली माणसे भेटली आणि तो मागे राहिला. सप्टेंबरमध्ये जोहानाचे दहाही जण पळाले आणि आपले पळणे झाकण्यासाठी लिव्हिंग्स्टन मारला गेल्याची बातमी त्यांनी किनाऱ्यावर पसरवली. जानेवारी १८६७ मध्ये चितान दलदलीत बुडाला आणि त्यानंतर काही दिवसांतच घाव बसला तो खरा. दोन हमाल औषधांची पेटी घेऊन बेपत्ता झाले. क्विनाइनविना हिवतापाच्या प्रदेशात राहणे म्हणजे काय, हे डॉक्टरला सांगण्याची गरज नव्हती. त्याच सुमारास कालमापक घड्याळे वाहणारा माणूस पडला, घड्याळे हादरली आणि पुढचे रेखांश चुकू लागले.

तरीही तो चालत राहिला. टांगानिका, म्वेरू, बांग्वेउलू ही सरोवरे त्याने दीड वर्षाच्या आत गाठली. यातला एक प्रसंग त्याच्या चरित्रकारांना फारसा सोयीचा नाही, म्हणून मुद्दाम सांगायला हवा. १८६८ मध्ये बांग्वेउलूकडे वळायचे ठरल्यावर बहुतेक सोबत्यांनी पुढे यायचे साफ नाकारले. नाकारणाऱ्यांत सुसी आणि चुमाही होते. पुढे ज्यांना स्वामिनिष्ठेचे पुतळे ठरवण्यात आले, त्यांनीही एकदा पाठ फिरवली होती. लिव्हिंग्स्टन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे घेऊन गेला आणि परतल्यावर त्याने सर्वांना पुन्हा कामावर घेतले. ती माणसे चालून थकली होती आणि आपणही थकलो आहोत, अशा आशयाची नोंद त्याने वहीत केली. गोऱ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत हा समंजसपणा त्याला कधी दाखवता आला नव्हता.

त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी विसंगती याच काळातली. गुलामांच्या व्यापाराचा हा कडवा शत्रू अन्न, औषध आणि सोबत यांसाठी त्याच व्यापाऱ्यांवर अवलंबून होता. आजारपणात त्यांनी त्याची शुश्रूषाही केली. १५ जुलै १८७१ रोजी लुआलाबा नदीकाठच्या न्यांगवे गावात बाजार भरला असताना या व्यापाऱ्यांच्या माणसांनी गर्दीवर बंदुका चालवल्या. बाजारात बहुसंख्य स्त्रिया होत्या. जीव वाचवण्यासाठी शेकडो जणींनी नदीत उड्या घेतल्या. तीनशे ते चारशे जण मेल्याचा अंदाज व्यापाऱ्यांनीच सांगितला. लिव्हिंग्स्टन हे डोळ्यांनी पाहत होता. कागद आणि शाई संपली होती. जुन्या वर्तमानपत्राच्या छापील मजकुरावर आडव्या ओळींत, वनस्पतीच्या रंगाने त्याने तो दिवस नोंदवला. कालौघात पुसट झालेली ही पाने संशोधकांनी विशिष्ट प्रकाशलहरींत छायाचित्रे घेऊन २०११ मध्ये वाचनीय केली. मूळ नोंदी छापील रोजनिशीपेक्षा अधिक खरबरीत आहेत आणि त्याच्या स्वतःच्या ताफ्यातील काही जणांचा हत्याकांडात हात होता काय, अशी शंका त्यांतून उभी राहते.

या प्रसंगाने खचून तो उजिजीला परतला, तो तेथे त्याच्यासाठी आलेला माल लुबाडला गेलेला. १८७१ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा बातमीदार हेन्री मॉर्टन स्टॅन्ली त्याला तेथेच येऊन भेटला. ही भेट इतक्यांदा सांगून झाली आहे, की तिच्यावर आणखी शाई खर्च करण्याचे कारण नाही. स्टॅन्लीने औषधे, कापड आणि पत्रे आणली, मार्च १८७२ मध्ये निरोप घेतला आणि किनाऱ्यावरून नवी माणसे पाठवली. त्यांत जेकब वेनराइट आणि नाशिकच्याच शाळेतले आणखी काही तरुण होते. १८६६ च्या जुन्या ताफ्यातून आता सुसी, चुमा, अमोडा आणि नाशिकचे गार्डनर व माब्रुकी एवढेच उरले होते.

ऑगस्ट १८७२ मध्ये निघालेली ही तुकडी ऐन पावसाळ्यात बांग्वेउलूच्या दलदलीत शिरली. पूर्वीच्या मोजणीतली चूक आता भोवली. नकाशा आणि समोरचे पाणी जुळेना. आमांश आणि रक्तस्रावाने लिव्हिंग्स्टनची शक्ती संपत आली. सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेऊन, कधी छातीएवढ्या पाण्यातून, पलीकडे नेले. शेवटी किटांडा नावाची डोली करून त्याला वाहिले. ज्या नदीला तो नाईलचा उगम समजत होता ती लुआलाबा प्रत्यक्षात काँगोला मिळते. ते त्याला कधीच कळले नाही. आजच्या झांबियातील चितांबो या प्रमुखाच्या गावी त्याच्यासाठी झोपडी उभारली गेली. १ मे १८७३ च्या पहाटे मज्वारा नावाच्या मुलाने सुसीला उठवले. लिव्हिंग्स्टन बिछान्याशेजारी गुडघ्यांवर, उशीत तोंड खुपसून निश्चल होता.

त्यानंतरच्या नऊ महिन्यांना तोड नाही. तेथेच पुरून मोकळे होणे सर्वांत सोपे होते आणि सुरक्षितही. परक्या मुलुखात प्रेत बाळगणे म्हणजे दंड, मारहाण आणि चेटुकाचा आळ. साठेक माणसांनी एकत्र बसून विचार केला आणि देह किनाऱ्यावर न्यायचे ठरवले. चितांबोने अडवले नाही, उलट रीतसर शोक पाळला. काळीज व अन्य अवयव डब्यात घालून एका झाडाखाली पुरण्यात आले. जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव कोरले. नाशिकच्या शाळेत गिरवलेली अक्षरे अशी मध्य आफ्रिकेतल्या झाडावर उमटली. मीठ लावून देह चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचे कापड शिवले आणि तो बांबूला बांधून रांग निघाली.

सोळाशे किलोमीटरहून अधिक वाट. दलदल, ताप, एका गावी लढाई. उन्यानयेंबे येथे लेफ्टनंट कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याची गाठ पडली. देह येथेच पुरावा असा सल्ला त्याने दिला. सुसी-चुमांनी तो मानला नाही. पुढे कासेकेरा येथे प्रेताला वाट मिळेना, तेव्हा त्यांनी युक्ती केली. काटक्यांची एक मोळी प्रेतासारखी गुंडाळली आणि ते परत पुरायला नेत असल्याचे भासवून काही जणांसह मागे पाठवली. खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये तांडा बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचला. इंग्रज अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला, माणसांच्या हातावर पगार टेकवला आणि त्यांना निरोप दिला. मिशनरी सोसायटीने खर्च उचलल्यामुळे जेकब तेवढा शवपेटीसोबत जाऊ शकला. लंडनमध्ये डॉक्टरांनी डाव्या दंडाचे वाकडे हाड पाहून ओळख पटवली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनविधीत शवपेटी धरणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. सुसी आणि चुमा पोहोचले, तोवर सारे उरकले होते. त्या दोघांनी नंतर होरेस वॉलर यांच्याशेजारी बसून अखेरच्या रोजनिशीतले दुवे जुळवून दिले.

झांझिबारचा गुलामांचा बाजार जून १८७३ मध्ये बंद झाला. त्यासाठी सुलतानाकडे शिष्टाई करायला आधी गेले होते, ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर. लिव्हिंग्स्टनला जाऊन तेव्हा पाचच आठवडे झाले होते. मात्र त्याने दाखवलेल्या वाटांनी व्यापाऱ्यांपाठोपाठ सैन्यही गेले आणि पुढच्या वीस वर्षांत युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घेतली. हा हिशेब त्याच्या खात्यावर किती मांडायचा, यावर आफ्रिकेत आणि ब्रिटनमध्ये आजही वाद होतो.

शरणपूरची आफ्रिकी मुले १८७४ नंतर मोंबासाजवळ प्राइस यांनी वसवलेल्या फ्रिअरटाउनमध्ये स्थलांतरित झाली. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. चुमाने पुढे अनेक मोहिमांचे तांडे हाकले आणि १८८२ मध्ये तो मरण पावला. सुसीने बाप्तिस्मा घेऊन डेव्हिड हे नाव घेतले, तो १८९१ पर्यंत जगला. चितांबो येथील झाड पोखरले गेल्यामुळे १८९९ मध्ये तोडण्यात आले आणि अक्षरे कोरलेला भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला. ती अक्षरे कोरणारा जेकब वेनराइट १८९२ मध्ये उरांबो येथे मरण पावला. त्या प्रवासाची त्याने लिहिलेली रोजनिशी शिल्लक आहे आणि तिची पाने आता इंटरनेटवर पाहता येतात.